उन्मेष परबाचं गाऱ्हाणं

उन्मेष परब डॉक्टर होता, पण काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत ते कुणाला नीट पटलेलं नव्हतं. सुरुवातीला कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं की माणसं त्याचं दार ठोठावायची, आणि हा गोळीचं नावसुद्धा सांगत नाही म्हटल्यावर शिष्ट आहे असं म्हणत परत जायची. मग हळूहळू चाळीला कळलं की त्याची डॉक्टरी उंदरांवरची आहे. परळच्या एका संशोधन संस्थेत तो उंदरांना पोरं का होत नाहीत याचा शोध लावतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. लालबागपासून काळाचौकीपर्यंत उंदीर कमी पडले काय, म्हणून लोक यावर पुष्कळ हसले.

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. बापाकडून फक्त मुलाकडे जाणारं जे वाय गुणसूत्र, ते बाकीच्यांच्या मानाने अगदीच फुटकळ. त्यातलं एक जनुक गर्भाला नर बनवतं हे जगाला कधीचं ठाऊक होतं. उरलेली काय करतात याबद्दल बरीच वर्षं अंदाजच चालले होते. उन्मेषच्या गटाने एकेक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले आणि कुठल्या नराला पिल्लं होतात, कुठल्याला नाही, हे बघायला सुरुवात केली. काहींना काही फरकच पडला नाही. काहींची शुक्रबीजं वाकडीतिकडी निघाली. आणि एक वाण असा निघाला की त्यातला नर दिसायला धडधाकट, पिंजऱ्यात रुबाबात फिरणारा, मादीशी सगळं रीतसर करणारा. फक्त त्याच्या अंगात शुक्रबीजच तयार होत नव्हतं.

या कामाची एक शिस्त होती आणि ती उन्मेष नव्या मुलामुलींना पहिल्याच दिवशी शिकवायचा. नराची परीक्षा घ्यायची तर त्याच्या पिंजऱ्यात न अजमावलेली मादी सोडायची नाही. जिला आधी दुसऱ्या नरापासून पिल्लं झालेली आहेत, अशीच सोडायची. म्हणजे पुढे पाळणा हलला नाही तर तिच्यावर ठपका ठेवायची सोय उरत नाही. हे तो फार छान समजावून सांगायचा. एकदा दादरच्या एका सभागृहात त्याने यावर व्याख्यानही दिलं, मूल होत नसेल तर पुरुषाने आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी असं ठणकावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी आली. त्याच्या आईने, सुभद्राबाईंनी, ती कापून, लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावली. आल्यागेल्याला त्या फोटो दाखवत. खालचा मजकूर वाचायचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत.

त्या कात्रणाखाली बसून त्यांची सून मनवा रोज सकाळी पोटी मूल राहण्यासाठीचा काढा प्यायची.

उन्मेष परब हा माणूस वाईट नव्हता, असं इथे म्हणायची पद्धत आहे. आपण ते नको म्हणूया. तो बायकोवर हात उगारत नव्हता, दारू पीत नव्हता, पगार घरी देत होता, आणि एवढ्यावर आपल्याकडे पुरुषाला चांगला म्हणतात. पण त्या काढ्याचा काही उपयोग नाही, हे त्या घरात मनवाला आणि त्याला, दोघांनाच माहीत होतं, आणि तो समोर बसून चहात खारी बुडवून खात असायचा.

मनवा गिरगावची. खोताच्या वाडीपलीकडच्या गल्लीत तिचं माहेर, आईवडील दोघेही नोकरीतून निवृत्त झालेले, आणि ती स्वतः फोर्टात एका बँकेत. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा तिने आपल्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि त्या सगळ्या चांगल्या आल्या. आता नवऱ्याला पाठवा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उन्मेष गेला नाही. ज्यांच्याकडे जायचं ते सगळे डॉक्टर त्याला परिषदांमध्ये भेटलेले, त्याच्या निबंधांचे दाखले देणारे. त्यांच्यासमोर छोटी बाटली घेऊन कसं उभं राहायचं? म्हणून एका रविवारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, त्याने स्वतःच स्वतःला तपासलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला काहीच दिसलं नाही. मग त्याने रक्तातून वायची तपासणी केली. माणसाच्या वायच्या लांब बाजूला एक पट्टा असतो; तो गळून पडला की असं होतं, हे त्याने इतरांच्या नमुन्यांत कितीदा पाहिलं होतं. बाकीच्या सगळ्या खुणा उमटल्या, त्या पट्ट्याची तेवढी उमटली नाही. त्याने पुन्हा तपासणी केली आणि पुन्हा तेच आलं.

‘आमच्या घराण्यात असला वांझपण कधी नव्हता,’ असं सुभद्राबाई मनवाला ऐकवायच्या, आणि दैवाची चेष्टा अशी की ते अगदी खरं होतं. बापाचं वाय धड असणार, नाहीतर उन्मेष जन्मालाच आला नसता. तो तुकडा बापाकडून मुलाकडे येतानाच कुठेतरी गळला होता. उन्मेषला हे कळत होतं आणि कधीकधी, लाज वाटायच्या ऐवजी, त्याला त्यातलं विज्ञानच सुचत बसायचं.

त्याने ते मनवाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून सांगितलं आणि तो रडला. ती रडली नाही. तिने त्याचा हात धरला आणि पुढे काय करता येईल ते विचारलं. सुईने थोडी शुक्रबीजं मिळण्याची शक्यता असते, त्यातून टेस्ट ट्यूब बेबी होऊ शकतं, असं त्याने सांगितलं. पण मुलगा झाला तर त्याच्याकडेही हेच तुटकं वाय जाणार. मुलगी झाली तर, असं तिने विचारलं. मुलीला बापाचं वाय मिळतच नाही, तेव्हा मुलगी अगदी ठणठणीत होईल, हे त्याला मान्य करावं लागलं. मग त्याने ते डॉक्टर आपल्या ओळखीचे असल्याचं कारण पुढे केलं. मूल दत्तक घेऊ म्हटलं, तर आईला काय सांगायचं, असं झालं. शेवटी मनवाने एवढंच म्हटलं की घरी तू सांग, तुला जमेल तेव्हा सांग, मी होऊन बोलणार नाही. त्या संध्याकाळी तिला त्याची फार दया आली होती. तिच्या हातून झालेली चूक ती हीच.

त्याला पुढची चार वर्षं ते जमलं नाही. तोपर्यंत मनवाचे तीन-चार नवस बोलून झाले, कोकणातल्या ग्रामदेवीची ओटी भरून झाली, कसल्या कसल्या पुड्या पोटात गेल्या. शेजारच्या रुपालीच्या डोहाळजेवणात मनवा ओटी भरायला उठली तेव्हा सुभद्राबाईंनीच तिला दंडाला धरून खाली बसवलं, सगळ्या बायकांच्या देखत. त्या दिवशी तिने घरी येऊन उन्मेषला सगळं सांगितलं. आई जुन्या वळणाची आहे, तिचं मनावर घेऊ नकोस, असं तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडून बसला. मनवाला त्या क्षणी तो किळसवाणा वाटला. आधी तिला फक्त वाईट वाटायचं; त्या दिवसापासून राग यायला लागला.

दरवर्षी गणपतीला परब मंडळी गावी जात. या वर्षी जाता येणार नव्हतं, कारण रामू परब, उन्मेषचे वडील, शिमग्याच्या सुमाराला अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. आता ते खुर्चीत बसू शकत, पण वाचा गेली होती. हा माणूस एके काळी गिरणीत साच्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायचा, आणि गावच्या घरी आरती संपली की गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. घरातला कर्ता पुरुष हात जोडून देवाशी मोठ्याने बोलतो, घराची सुखदुःखं मांडतो, मागायचं ते मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. काय मागितलं यापेक्षा सूर जुळण्याकडे लक्ष जास्त असतं. रामू परबांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाडीतली माणसं यायची.

तर या वर्षी गणपती चाळीतल्या खोलीत आला, भावकी काळाचौकीला जमली, आणि गाऱ्हाणं उन्मेषकडे आलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मनवाने त्याला दादरला फुलं आणायला सोबत नेलं ते बोलायलाच. घरात बोलायला जागा कुठली? फूलबाजाराच्या पुलाखाली, माणसांचे धक्के खात, तिने आपलं म्हणणं सांगितलं. दरवर्षी बाबा माझ्या नावाने मागणं घालतात आणि सगळे माझ्याकडे वळून बघतात. या वर्षी शब्द तुझ्या तोंडात आहेत.

“मी तुला खरं सांग असं म्हणतच नाहीये. चार वर्षं झाली, तो नाद मी सोडला. फक्त माझं नाव घेऊ नकोस. दुसरं काहीही माग.”

“नाही घेणार,” उन्मेष म्हणाला. “नक्की.”

“घेतलंस तर मी गप्प बसणार नाही.”

त्याने हो म्हटलं आणि तेव्हा तो ते मनापासून म्हणत होता. हे सांगितलं पाहिजे, कारण भित्र्या माणसाचं हेच वाईट असतं, त्याचे शब्द देताना खरे असतात. येताना त्याने तिच्यासाठी एक गजराही घेतला.

दुसऱ्या दिवशी आरती दणक्यात झाली. खोलीत पंधरावीस माणसं, दारात चपलांचा ढीग, गॅलरीत शेजारी. चुलतभाऊ वैभव ढोलकी वाजवत होता. रामू परबांची खुर्ची गणपतीसमोर आणली होती आणि त्यांचा चालता हात आरतीच्या ठेक्यावर मांडीवर पडत होता. कापूर फिरला. मग सगळे थांबले आणि उन्मेषकडे बघायला लागले.

सुभद्राबाईंनी सकाळीच त्याच्या कानावर घातलं होतं की सुनेसाठी नीट माग, तुझ्या बापासारखं घाईघाईत उरकू नकोस. उन्मेषने मान हलवली होती. मनवालाही त्याने मान हलवली होती. आता तो हात जोडून उभा राहिला, घसा साफ केला, आणि त्याचा आवाज थेट बापासारखा निघाला. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या परबांच्या घरात तुजी सेवा जशी जमली तशी केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

त्याला ते जमत होतं. लहानपणापासून ऐकलेलं सगळं आपोआप तोंडात येत होतं. बापाच्या दुखण्याला आराम पडू दे, वैभवला चांगली नोकरी लागू दे, गावच्या घराची वाट सुटू नये, जो जिथे कामाला आहे त्याची तिथे राखण कर. प्रत्येक वाक्यावर खोली दणाणत होती. परिषदेतल्या टाळ्यांपेक्षा हे फार बरं होतं. मनवा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ हात जोडून उभी होती, आणि त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती चक्क हसली. त्याने आता शेवट करायचा असं ठरवलं.

“आणि मनवाचा?” सुभद्राबाई म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

उन्मेष थांबला. अशा वेळी माणूस फार विचार करतो असं म्हणतात. तसं काही नसतं. आईचा चेहरा समोर होता, मनवा मागे होती. सगळी भावकी पुढच्या वाक्याची वाट बघत तोंड उघडून तयार होती, आणि त्याला त्या शांततेची भीती वाटली. आणखी काही सेकंद गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं, का रे, बायकोचं का नाही?

“आणि म्हाराजा,” तो म्हणाला, “माज्या बायलेकडना काय चुकला-माकला आसात, तिच्या अंगात जा काय उणा आसात, ता पदरात घे. पुढच्या वरसाक ह्या घरात पाळणो हलान दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

अंगातलं उणं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रामू परबांनीही कधी तसं म्हटलं नव्हतं. ते नुसतं ‘ओटी भर’ एवढंच म्हणायचे. ते शब्द उन्मेषचे स्वतःचे होते.

गाऱ्हाणं संपलं की आणखी कुणाचं काही मागणं आहे का, असं विचारायची रीत आहे. वैभवने विचारलं. बहुधा कुणी बोलत नाही आणि मग प्रसाद वाटला जातो. या वेळी मनवा ओट्याजवळून पुढे आली आणि गणपतीसमोर उन्मेषच्या शेजारी उभी राहिली. तिचा आवाज गिरगावचा, स्वच्छ, बँकेत खिडकीपलीकडच्या माणसाला समजावून सांगावं तसा.

“महाराजा, मूल न होण्याचं कारण ह्यांच्या अंगात आहे, माझ्या नाही. हे त्यांना चार वर्षांपासून माहीत आहे. ते त्यांनी आत्ता तुझ्यासमोर कबूल करावं, एवढंच माझं मागणं.”

“व्हय म्हाराजा!” सगळी खोली म्हणाली.

सवयीने म्हणाली. शब्द डोक्यात शिरायच्या आधी सूर बाहेर पडला होता. मग एकेकाच्या डोक्यात ते शिरायला लागलं. वैभवचे हात ढोलकीवर तसेच राहिले. गॅलरीतली एक बाई दुसरीला काय म्हणाली काय म्हणाली असं विचारत होती. सुभद्राबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग त्यांनी सगळ्यांसमोर मुलाला विचारलं.

“खरा काय रे ह्या, उन्मेष?”

आता खरं तर काही उरलंच नव्हतं. सगळं सांगून झालं होतं, त्याने फक्त मान खाली घालायची होती. मान हलवण्यात तर त्याचा हातखंडा. आणि इथे मी त्याला माफ करू शकत नाही, कारण इतका वेळ तो नुसता भित्रा होता.

“तसं काही नाही, आई,” उन्मेष म्हणाला. तो अगदी शांतपणे, व्याख्यानात शंका विचारणाऱ्या एखाद्याशी बोलावं तसा बोलत होता. “माझ्या तपासण्या झाल्यात, सगळं नॉर्मल आहे. तिला त्यातलं कळत नाही. टेन्शनमध्ये आहे ती.”

खोलीने श्वास सोडला. वैभव म्हणाला की तो त्यातलोच डॉक्टर मा, त्याका ठाव नसतला तर कोणाका? एका म्हाताऱ्या काकीने देवासमोर असं बोलू नये म्हणून मनवाला हळूच बजावलं. कुणीतरी भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चाळीने उन्मेष परबाला खरोखरचा डॉक्टर मानलं.

रामू परब तेवढे त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. त्यांचा चालता हात वर आला, काहीतरी सांगायला, आणि तोंडातून नुसता घरघर आवाज आला. उन्मेषने पुढे होऊन खुर्ची खिडकीकडे वळवली. तिकडे वारा बरा येतो, असं तो म्हणाला.

मनवाने सगळ्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. हे तिने का केलं कुणास ठाऊक, पण केलं, आणि सुभद्राबाईंच्या हातावरही ठेवला. मग तिने पर्स घेतली आणि जिना उतरली. उन्मेष मागोमाग खाली आला. चाळीच्या तोंडाशी मंडळाच्या मंडपातला भोंगा लागला होता, त्यामुळे त्याला तिच्याजवळ जाऊन बोलावं लागलं. मला वेळ हवा होता, सगळ्यांसमोर असं नको होतं, तू मला दुसरा मार्गच ठेवला नाहीस, अशी त्याची वाक्यं होती. ती टॅक्सी शोधत होती. एक थांबली तेव्हा तिने दार उघडलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

“दुसरीला तरी आधी सांग,” ती म्हणाली आणि गिरगावला निघून गेली.

पुढचं सगळं वकिलांमार्फत आणि फार भांडण न होता झालं. मनवाने काही मागितलं नाही आणि काही सिद्धही करायला गेली नाही. चाळीत सगळ्यांनी तिच्या नावाने बोटं मोडली; एवढा शिकलेला, शांत नवरा, आणि देवासमोर त्याची अब्रू काढली. सुभद्राबाईंनी वर्षभर वाट बघितली, मग गावाकडे शब्द टाकला. कणकवलीकडची एक मुलगी सांगून आली. वैभव तिची माहिती घेऊन रविवारी घरी आला, घराणं, वय, उंची, स्वभाव, सगळं सांगितलं. सुभद्राबाईंनी तिच्या बहिणींना किती मुलं आहेत ते विचारलं. प्रत्येकीला दोन, असं वैभव म्हणाला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

उन्मेष चहा पीत ऐकत होता. मुलगी काय शिकली आहे, एवढं एकच त्याने विचारलं. बी.कॉम. आहे, सायन्सचं काही नाही, म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, आणि त्याने होकार कळवायला सांगितला.